बेवारस म्हणायचं न्हाई

"मालक येतोय. वाटंत आसंल."

हे म्हणताना आबा उजवा पंजा हवेत हलके हलके थोपटायचे, बुजलेल्या बैलाला शांत करावं तसे. गंमत अशी, की समोर बैल नसायचा. माणूसही नसायचं. समोर असायची एखादी छत्री, नाहीतर स्टीलचा डबा, नाहीतर कुणाचा तरी एकच बूट. त्यांच्याशी ते बोलायचे. पहिल्या दिवशी मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, नोकरी लागली खरी, पण शेजार वेड्याचा मिळाला.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या स्टँडवर मी चौकशीच्या खिडकीत बसायचे. नव्वद सालानंतरची गोष्ट. लोणंद गाडी कुठे लागली आणि कोरेगाव गाडी का लागली नाही, हे भोंग्यावरून सांगायचं आणि लोकांच्या शिव्या खिडकीतून आत घ्यायच्या, हे माझं काम. माझ्या खिडकीला लागून एक खोली होती. गाड्यांमध्ये राहिलेल्या वस्तू तिथे जमा व्हायच्या. दारावर पाटी होती, 'बेवारस सामान'. त्या पाटीकडे पाठ करून आबा बसायचे. सगळा स्टँड त्यांना आबाच म्हणायचा. खरं नाव पगारपत्रकापुरतं होतं, ते तिथेच राहू दे.

पाठ करून का बसतात, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी भोंग्यावरून सांगितलं होतं, "एक बेवारस पिशवी सापडली आहे." आबा तरातरा खिडकीशी आले.

"ताई, बेवारस म्हणायचं न्हाई."

"पाटीवर तेच लिहिलंय, आबा."

"पाटी रंगवनाऱ्याला काय कळतंय? बेवारस म्हंजी ज्येला इचारनारं कुनी न्हाई. मी सकाळपास्नं चारदा इचारलंय तिला."

तिला म्हणजे पिशवीला.

शब्द तसा तुमच्या-माझ्या रोजच्या तोंडातला. बेवारस कुत्रं आपण म्हणतो, भिंतीला टेकवलेली बेवारस सायकल म्हणतो. उनाड पोरावर आई खेकसते, 'बेवारशागत हिंडू नगंस.' पेपरात कोपऱ्यात बेवारस प्रेताची बातमी असते. कुत्र्यापासून प्रेतापर्यंत एकच शब्द पुरतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. आबांना वाटायचं. त्यांचा स्वतःचा शब्द होता 'चुकलेलं'. चुकलेली छत्री, चुकलेला डबा, चुकलेला मफलर. खेड्यात वासरू चुकतं, त्याच अर्थानं. चुकलेल्याला घर असतं, फक्त रस्ता सापडत नसतो.

हा शब्द त्यांनी घरून आणला होता. त्यांचे वडील गावचा कोंडवाडा सांभाळायचे. मोकाट सुटलेली, दुसऱ्याच्या उसात शिरलेली जनावरं लोक तिथे आणून कोंडायचे, आणि मालक येऊन सोडवेपर्यंत त्यांचा चारापाणी आबांचे वडील बघायचे. कोंडलेल्या जिवाला उपाशी ठेवायचं नाही, हा नियम आबांच्या अंगात लहानपणीच भिनला होता. पुढे त्यांनी तो छत्र्यांना लावला, एवढंच.

रोज सकाळी सगळ्या छत्र्या उघडून उन्हात. चामडी चपलांना तेल. स्वेटर उलटे करून झटकायचे. एकदा कुणाचं तरी गजराचं घड्याळ आलं, तर त्याला रोज किल्ली. त्याचा गजर दुपारी अडीचचा लावलेला होता. का, ते देवाला ठाऊक. तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही, असं आबांचं म्हणणं. दोन महिने रोज अडीचला मी भोंग्यावर बोलत असताना मागे ते घड्याळ बोंबलायचं, आणि गाडी सुटल्याचा इशारा समजून निम्मे प्रवासी पिशव्या उचलून पळत सुटायचे.

मग कोंबडी आली. लोणंद गाडीत सीटखाली टोपली, वर फडकं बांधलेलं, आत कोंबडी. आबांनी रजिस्टरात लिहिलं, 'चुकलेली कोंबडी, नग एक.' दुसऱ्या दिवशी तिनं अंडं घातलं. आबांनी चष्मा लावून खाली लिहिलं, 'अंडं, नग एक, आवक जागेवरच.' अशी सहा अंडी झाली. कँटीनवाला रोज आमलेटाची स्वप्नं बघत येऊन जायचा. "मालकाची हायेत," म्हणून आबा त्याला वाटेला लावायचे. पुढे कोंबडी खुडूक बसली, आणि एका सकाळी बेवारस सामानाच्या खोलीतून सहा पिलांचा चिवचिवाट सुरू झाला.

महिन्याभरानं मालकीण आली. लोणंदकडची म्हातारी. तिनं टोपलीत पाहिलं आणि मागे सरली.

"माजी एकच हुती."

"आता सात हायेत."

"मग बाकीची कुनाची?"

"तुमचीच की आवं."

"न्हाई बाबा. लोकाची पिल्लं न्हेऊन मला पाप घ्यायचं न्हाई."

अर्धा तास दोघं भांडत होते. आयुष्यात मी पुष्कळ भांडणं पाहिली, पण वस्तू दुसऱ्याची आहे असं दोन्ही बाजूंनी ओरडणारं भांडण ते एकच. शेवटी म्हातारी टोपली घेऊन गेली. मागाहून पाहिलं, तर एक पिलू छत्र्यांमागे ठेवून गेली होती. आबांनी लगेच रजिस्टर उघडलं. 'चुकलेलं पिलू, नग एक.'

वस्तू परत देताना ते तीन प्रश्न विचारायचे. पहिला बाहेरचा, दुसरा आतला, तिसरा घरातला. एक हेडमास्तर छत्री न्यायला आले होते. कुठली काडी मोडलीय? डावीकडची, सांगितलं. कशानं मोडली? कुत्र्यावर उगारताना, सांगितलं. "आन मोडल्यावर घरात कोन काय बोललं?" हेडमास्तर लाल झाले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बायको म्हणाली, कुत्रं शहाणं निघालं." आबांनी छत्री त्यांच्या हातात दिली आणि रजिस्टरात शेरा लिहिला, 'मालक आला.' बाई आली तरी शेरा तोच, पोर आलं तरी तोच. तो लिहिताना त्यांच्या तोंडावर असं समाधान असायचं, की वस्तू त्यांचीच हरवली होती आणि त्यांनाच सापडली.

आता पायाची गोष्ट सांगते. खरं तर तीच सांगायला बसले होते, कोंबडी मध्ये आली.

आबांना रिटायर व्हायला काही महिने उरले असतील. आमची जत गाडी परत आली. झाडणाऱ्या मावशी आतून किंचाळत उतरल्या, "आवं, पाय हाय! पाय!" आम्ही धावलो. मागच्या सीटखाली घोंगडीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला एक पाय होता. लाकडी, डावा, गुडघ्याखालचा, वर चामड्याचे पट्टे, खाली काळा बूट.

त्या दिवशी स्टँडवर एकाच प्रश्नाची चर्चा चालली. पाय विसरून माणूस गाडीतून उतरला कसा? ड्रायव्हर म्हणाला, लंगडी घालत. कँटीनवाला म्हणाला, झोपेत. एक कंट्रोलर तर म्हणाला, दोन पायांवर चढला असेल आणि उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं असेल. आज लिहिताना उत्तर सोपं दिसतं, पण तेव्हा आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नाही.

आबांनी पाय मांडीवर घेतला. पट्ट्यांना तेल लावलं, बूट चकाकवला, आणि थंडी होती म्हणून घरून एक मोजा आणून घातला. मला भोंग्यावरून सांगावं लागलं, "जत गाडीत एक डावा पाय सापडला आहे. ज्यांचा असेल त्यांनी चौकशी खिडकीपाशी यावं." हे वाक्य मी न हसता एकदाही पुरं करू शकले नाही. आबा मात्र रोज दारात उभे राहून फाटकाकडे बघायचे. लंगडणारा कुणी दिसला, की त्यांचा चेहरा उजळायचा.

कुणी आलं नाही. तीन महिने झाले आणि नवे साहेब खोली बघायला आले. नियमच होता, तीन महिन्यांनंतर बेवारस मालाची यादी करून लिलाव करायचा. आबांनी यादी दिली. वर मथळा होता, 'मालक वाटेत असलेल्या मालाची यादी'. साहेबांनी ती दोनदा वाचली.

"बेवारस लिहा."

"ते तेवडं माज्याच्यानं हुनार न्हाई, सायेब."

"आणि हा पाय? याला कोण बोली लावणार? पंधरा दिवस देतो. नाहीतर भंगारात घाला."

इतक्या वर्षांत आबांना मी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. ते पायाशेजारी बसून राहिले. "मानसाचा पाय भंगारात?" एवढंच दोन-तीनदा म्हणाले. थोपटणारा हातही त्या दिवशी उठला नाही. माझा जीव तुटला. माझी बहीण जतला दिलेली होती, म्हणून मी म्हटलं, "आबा, रविवारी मी जतला निघालेय. चला. मालक येत नसेल, तर आपण जाऊ."

रविवारी आम्ही तिघं निघालो, म्हणजे मी, आबा आणि पाय. गाडीत गर्दी होती. एक बाई आबांवर डाफरली, "आवं, पाय घ्या की तिकडं!" आबा अदबीनं म्हणाले, "ह्यो माजा न्हाई." ती बाई पुढची तीन गावं उभ्यानं गेली.

जतला उतरलो. बाजारात एका चहाच्या टपरीवर आबांनी पाय बाकावर उभा केला आणि विचारपूस सुरू केली. पाच मिनिटांत गर्दी जमली. अशी अफवा उठली, की पाय वाटायला सरकारी माणूस आलाय. दोन्ही पाय धड असलेले दोघंजण नाव लिहून घ्या म्हणून पुढे आले. मग कुबडी टेकत एक खरा लंगडा आला. आबांचा चेहरा फुलला. त्या माणसानं पाय हातात घेऊन उलटासुलटा केला आणि परत दिला.

"पाव्हनं, मी उजव्यानं लंगडा हाय. डावा घिऊन काय करू?" मग तोच म्हणाला, "पर ह्यो फौजीचा दिसतोय. हितनं सात-आठ मैलावर वस्ती हाय त्येची."

वस्तीकडे पाण्याचा टँकर निघाला होता. त्याच्या केबिनमध्ये बसून आम्ही गेलो. दोन्ही बाजूंना वाळलेल्या ज्वारीची शेतं आणि मेंढरं. घरासमोर उतरलो, तर दारातून बाईमाणसाचा आवाज आला, "यारू?" कोण आहे, असं ती कानडीत विचारत होती. तिच्या मागून मिशीवाला म्हातारा बाहेर आला. ताठ आणि तरतरीत. दोन्ही पायांवर चालत.

आबांनी पायाकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि पुन्हा पायाकडे पाहिलं.

म्हाताऱ्याचं तोंड मात्र चोरी पकडल्यासारखं झालं. "आवं... तुमी ह्येला घिऊन आलाय? मी त्यो टाकलाय. पुण्यास्नं नवा बशीवलाय, ह्यो बगा." त्यानं विजार वर करून नवा पाय दाखवला. घरी परतताना जुना त्यानं गाडीत ठेवून दिला होता. आमच्या स्टँडनं तीन महिने फोडलेल्या डोक्याचं उत्तर ते एवढंच होतं.

"टाकलाय?" आबा म्हणाले. हा शब्द त्यांच्या रजिस्टरात नव्हता.

 मग आबांनी घसा खाकरला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. सवय, दुसरं काय!

"पट्ट्याला भोकं किती?"

"चार. चौथं म्याच खिळ्यानं पाडलंय."

"आत काय हाय?"

"बायकूच्या लुगड्याची घडी. रुततंय म्हनून घातलीया."

"आन घरात कोन काय बोललं?"

म्हातारा एकदम हसला. "लेकीच्या लग्नात ह्येच्यावर नाचलो. टाच उसावली. ही म्हनली, दोन पायाचं हुतासा तवा कदी नाचला न्हाईसा."

आबा खाटेवर बसले. "इतकं ध्यानात हाय, आन टाकला म्हनताय? टाकायचा आसता तर उकिरड्यावर टाकला आसता. घोंगड्यात गुंडाळून सीटाखाली कोन टाकतंय?"

म्हाताऱ्यानं पाय आबांकडून घेतला. मोजा बघितला. बुटावरून अंगठा फिरवला. "आकरा वरसं वागीवलं ह्येनं मला. उकिरड्यावर कुत्री वढतील. जाळावा म्हटलं, तर आपलाच पाय आपुन कसा जाळायचा? मग म्हटलं, गाडीत ठिवावा. कुनीतरी सरकारी मानूस बगंल त्येच्याकडं." आणि मान खाली घालून म्हणाला, "तुमी लयच बगितलं."

आबांनी सही घेतली. म्हाताऱ्याच्या बायकोनं आम्हाला भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊ घातली. निघताना पाय घरातल्या देवळीशेजारी टेकवून ठेवलेला दिसला.

 परतीच्या गाडीत आबा आपणहून बोलायला लागले.

"दुष्काळात आमच्या कोंडवाड्यात म्हातारी बैलं यायची, ताई. चुकून न्हाई. मालकच राती आनून सोडायचा आन तोंड चुकवायचा. घरी चारा न्हाई, कसायाला देववत न्हाई. माज्या बापाला ठावं आसायचं. तरी रोज वैरन टाकताना पाठीवर थोपटून म्हनायचा, येतोय मालक, वाटंत आसंल. म्या एकदा म्हटलं, खोटं कशाला बोलतासा? तर म्हनला, बैलाला खरं सांगून काय उपेग?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, तेव्हा आबा त्याच्यावर खेकसले, "तुमचं काय चुकलंय का?"

रजिस्टरात पायापुढे त्यांनी लिहिलं, 'मालक आला.' खरं तर आम्ही गेलो होतो.  पुढे जत गाडीच्या कंडक्टरनं बातमी आणली, की फौजीनं शेतात बुजगावणं उभं केलंय आणि त्याला तो पाय बूट-मोज्यासकट लावलाय. पाखरं फिरकत नाहीत म्हणे. आबा खूश झाले. "ड्यूटी लागली म्हना की त्येला," म्हणाले.

मग ते रिटायर झाले. नारळ, शाल, साहेबांचं भाषण, सगळं रीतसर झालं. खोलीची किल्ली माझ्याकडे आली. पुढच्या बाजारच्या दिवशी आबा सहज म्हणून आले, चहा घेतला, गेले. मागे बघते तर चष्म्याचं घर विसरलेलं. पुढच्या बाजाराला ते न्यायला आले. मी तीन प्रश्न विचारले, त्यांनी गंभीरपणे उत्तरं दिली. मी लिहिलं, 'मालक आला.' जाताना पंचा विसरले. त्यानंतर छत्री, मग पिशवी, मग पुन्हा चष्म्याचं घर. मला वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं, विसरायला लागले. मी त्यांच्या सुनेला निरोपही धाडला होता, जरा लक्ष ठेवा म्हणून. माझ्या हुशारीची मला आजही लाज वाटते.

एका बाजारी ते जेवणाचा डबा विसरून गेले. पुढच्या बाजाराला आले नाहीत. त्याच्या पुढच्या बाजाराला बातमी आली. झोपेतच गेले म्हणे.

डबा माझ्याकडेच होता. साहेब म्हणाले, त्यांच्या घरी पाठवून द्या. मला पाठववेना. रोज सकाळी छत्र्यांबरोबर तो उन्हात ठेवायचे, घासायचे, परत आत घ्यायचे. रजिस्टरात 'चुकलेला डबा, नग एक' असं लिहिलं होतं. शेऱ्याची जागा कोरी होती.

महिन्या-दीड महिन्यानं, बाजारच्याच दिवशी, काकी आल्या. आबांची बायको. तोपर्यंत मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, नारळाच्या दिवशी. खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "डबा राहिलाय आमचा."

मी डबा कट्ट्यावर ठेवला, पण सोडला नाही. "काकी, तीन प्रश्न विचारावे लागतात."

"ठावं हाय. इचार."

"बाहेर काय खूण आहे?"

"बुडाला पोचा हाय. नातवानं आपटलाय."

"आत?"

"झाकनाला आतनं लोनच्याचा डाग हाय. घासून घासून माजी बोटं झिजली, जात न्हाई."

मग मी तिसरा विचारला. "डबा विसरले, तेव्हा घरात कोण काय बोललं?"

काकी पदरानं तोंड पुसत हसल्या. "कोन काय बोलनार? मीच तर निगताना इचारायची, आज काय इसरून येनार हाय?"

त्यांनी अंगठा उठवला. मी शेरा लिहिला. डबा पदराखाली घेऊन त्या फाटकाकडे निघाल्या.

कट्ट्यावर मधोमध त्यांची पानाची चंची होती. दोरी घट्ट आवळलेली. पान खाणारी बाई चंची विसरत नसते. काकी अजून फाटकाशीच होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी रजिस्टर उघडलं, आणि चंचीला हलकेच थोपटलं.